पेटेबीदीतलं गिऱ्हाईक

पेस्ट्री चांगली होती.

वेदवल्ली बसस्टँडसमोरच्या सिमेंटच्या बाकावर बसून, पदराआड धरलेल्या कागदी खोक्यातून तिसरा घास घेत होती. पहिल्या घासाला तिनं मनाची समजूत घातली होती, की जिभेला काही नवं लागलं की असं होतं. दुसऱ्या घासाला ती तयारीत होती. आता तो तुपकट थर टाळूला चिकटेल, आता तोंडाला मिठी बसेल. तसलं काहीच झालं नाही. मलई हलकी होती, साखर बेताची होती आणि मधला केक असा ओलसर, की चमचा आपोआप पुढे जात होता. ती इथं आली होती ती घरी जाऊन एक वाक्य बोलायला मिळावं म्हणून. ‘काही दम नाही हो त्यात.’ तेवढं नवऱ्यापुढे टाकायचं, त्याच्या कपाळावरची आठी जराशी सैल झालेली बघायची आणि कामाला लागायचं. आता ते वाक्य कुणीतरी तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं होतं. समोर, गेल्या महिन्यात उघडलेल्या त्या काचेच्या दुकानात, कंपनीच्या टोप्या घातलेली मुलं गारव्यात उभी होती. बिल करणाऱ्या मुलीनं तिला मोबाइल नंबर विचारला होता, नाव विचारलं नव्हतं. एरवी ह्या होळेबागिल गावात तिला नाव सांगायची वेळ येत नसे. गावातल्या निम्म्या लोकांचा पहिला वाढदिवस तिच्या भट्टीतल्या केकवर झाला होता. पण त्या मुलीनं मान वर केली नाही, आणि वेदवल्लीला त्याचं बरंच वाटलं. तिनं रिकामं खोकं दुमडलं, आणखी दुमडलं, काडेपेटीएवढं केलं आणि कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी सारलं. साठी उलटल्यावर आपल्याकडे पोरीबाळींसारखं लपवण्याजोगं काही असावं, याचं तिला हसू आलं. हसताना ओठाच्या कोपऱ्यातली मलई जिभेला लागली. चांगलीच होती.

पेटेबीदी, म्हणजे बाजाराचा रस्ता, बसस्टँडपासून नदीकडे उतरत जातो. उतरताना आधी डिसोजांचा छापखाना, मग बुडनसाबचं शिवणकामाचं दुकान, मग हनुमंतप्पाच्या चपला, आणि उतार संपतो तिथं एका बाजूला अडिगांचं हॉटेल, तर त्याच्या बरोबर समोर अय्यंगार बेकरी. एवढ्या वाटेत आज तिनं कुणाकडे नीट बघितलं नाही. काउंटरवर तिचा नवरा वरदराज कमरेला पट्टा बांधून स्टुलावर बसला होता. पाठीचं दुखणं सुरू झाल्यापासून तो असा ताठ बसे, की नव्या माणसाला त्याच्या रुबाबाची भीती वाटावी.

“कुठे गेली होतीस?”

“देवळात.”

“प्रसाद?”

“संपला होता.”

“भर दुपारी देऊळ उघडं असतं?”

“बाहेरूनच नमस्कार केला.”

“मग प्रसाद संपलाय ते कसं कळलं?”

ती आत भट्टीच्या खोलीत गेली. तिथला ऊबदार अंधार, पिठाचा आणि जळक्या साखरेचा वास तिच्या अंगावर शालीसारखा पडला. इतक्या वर्षांत ह्या वासाची सवय झाली असं ती सगळ्यांना सांगे, पण ते तितकंसं खरं नव्हतं. हासनकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती इथं आली, तेव्हा पहिल्या रात्री ह्या वासानं तिला झोप लागली नव्हती. आंबलेल्या पिठाला माणसाच्या अंगासारखा वास येतो, असं तिला वाटलं होतं. आपण एका घरात नव्हे, तर कुठल्यातरी झोपलेल्या मोठ्या जनावराच्या कुशीत आलोय. सासरे तेव्हा स्वतः भट्टीपुढे उभे राहत. उघडं अंग, जानवं पाठीमागे सारलेलं, लांब दांड्याच्या फळीनं पाव आत सारताना भट्टीच्या उजेडात त्यांचं पोट तांबूस दिसे. त्या काळात ह्या गावात पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं होतं. चांगला धडधाकट माणूस पाव घेताना दिसला, की लोक विचारत, घरी कोण पडलंय? सासरे हसून सांगत, “आजारी माणसांनी माझं दुकान उभं केलं, त्यांना विसरून कसं चालेल?” आणि संध्याकाळी उरलेले पाव टोपलीत घालून सरकारी दवाखान्यात पाठवत. पुढं गाव शहाणं झालं, खारा बन आणि मधाचा केक खाऊ लागलं, सासरे गेले, लाकडाची भट्टी जाऊन डिझेलची आली; टोपली मात्र जातच राहिली. उरोत न उरोत, चार पाव मुद्दाम जास्त भाजले जात. कुणी तसं ठरवलं नव्हतं. दात घासायचं कुणी ठरवत नाही, तसंच ते होतं.

महिनाभरात खोट दिसायला लागली. सकाळी भरलेले ट्रे संध्याकाळी अर्धेअधिक तसेच परत आत येत. येताना ट्रेचा आवाज वेगळा येतो, हे तिला आधी माहीत नव्हतं. रिकामा ट्रे खणखणतो, भरलेला मुका असतो. कॉलेजची मुलं आता वरच बसस्टँडपाशी थांबत. त्यांना दोष द्यावा असं तिच्या मनात येई आणि त्याच क्षणी ती हलकी मलई आठवे. मग दोष अर्ध्यावरच राही. बंगळुरूहून मुलाचा, रघूचा फोन आला.

“अम्मा, शांतपणे ऐक हं. एका कुरिअर कंपनीला आपल्याकडे पार्सलं ठेवायला जागा हवीय. बाजारातलीच. पाच वर्षांचा करार. तुम्ही दोघं इकडे या, नाहीतर वरच्या खोल्यांत राहा, आराम करा. फक्त ती भट्टी फोडून जमीन सपाट करून द्यायची.”

“फोडून?”

“म्हणजे काढून. ते लोक करून घेतील सगळं.”

“विचार करते,” ती म्हणाली, आणि तिनं खरोखरच विचार केला. गोष्ट अशी, की तिला ती कल्पना अगदीच वाईट वाटली नाही. पहाटे डोळा उघडला तरी पडून राहायचं. वरदराजच्या पाठीला शेक द्यायचा. हाताच्या रेषांत पीठ नसलेले हात कसे दिसतात ते बघायचं. ह्या विचारात गोडी होती, दुपारी लागलेल्या डुलकीसारखी. फक्त ‘फोडून’ हा शब्द घशाखाली जात नव्हता. गोळी गिळल्यावर ती मध्येच अडकल्याचा भास होतो ना, तसा तो दिवसभर छातीत एका जागी राहिला. दरम्यान तिनं पीठ कमी भिजवायला सुरुवात केली. नासाडी नको. आधी बन कमी झाले, मग पाव, आणि एका संध्याकाळी टोपलीत घालायला काहीच उरलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. ती टोपली भिंतीला पालथी राहिली.

अशात अडिगांनी बाजारातल्या जुन्या दुकानदारांना हॉटेलच्या मागच्या खोलीत बोलावलं. जेवणाची गर्दी ओसरून फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून सगळ्यांनी चपला दाराशी काढल्या. वरदराज काउंटर सांभाळायला थांबला, म्हणून वेदवल्ली गेली. कॉफी आली. अडिगांचा आवाज मुळातच मोठा. देवळात हळू बोलायला गेले तरी पुजारी दचकायचा.

“अहो मारायरे, ह्या गावाला झालंय तरी काय?” ते म्हणाले. “पोरं शिमोग्याला जाऊन पिझ्झा खातात आणि परत येऊन माझ्याकडे फुकट गरम पाणी मागतात!”

“लग्नपत्रिका मोबाइलवर,” डिसोजा म्हणाले. ते नेहमी शाईच्या बोटांनी कॉफीचा पेला धरत. “ज्यांना कागदाची हौस आहे ते शहरात छापतात. माझ्याकडे येतात ते फक्त कुणी वारलं तर. घाई असते ना.”

“माझं ऐका,” बुडनसाब म्हणाला. “शर्ट मागवायचा पार्सलानं. बाह्या आल्या गुडघ्यापर्यंत, की मग आठवण येते. ‘बुडनसाब, जरा कापून द्या.’ अरे, मी शिंपी आहे का न्हावी?”

सगळे हसले. अडिगांनी टेबलावर हात आपटला. “लोकांना गावाची पर्वा नाही, हेच खरं. आपण एक फलक करू. ‘गावातलं गावातच घ्या.’ डिसोजा, तुम्ही छापा. बसस्टँडपासून नदीपर्यंत लावू.”

हनुमंतप्पा दाराजवळच्या बाकावर कडेला बसला होता आणि उंबऱ्याकडे बघत होता. वेदवल्लीनं त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. उंबऱ्यापाशी जोड्यांची रांग होती. जाड तळव्यांचे, रंगीत पट्ट्यांचे, बुटांसारखे, परदेशी अक्षरांचे. तिचे स्वतःचे, रघूनं गेल्या दिवाळीला पाठवलेले, जांभळे.

“फलक लावा की,” हनुमंतप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “फक्त त्या दारातला एक तरी जोड माझ्या दुकानातला आहे का, तेवढं मी बघत होतो.”

कॉफीचे पेले हवेत राहिले. मग बुडनसाबनं मान तिरपी करून विचारलं, “अडिग, शर्ट छान आहे. कुणी शिवला?”

“मुलानं पाठवला.”

“कसा पाठवला?”

अडिगांनी खिडकीबाहेर बघितलं. “पार्सलानं.”

“आणि तुमची बिलाची पुस्तकं?” डिसोजांनी हळूच विचारलं. “गेल्या तीन वर्षांत मी छापली नाहीत, म्हणून विचारतो.”

“ते... शिमोग्यात एकजण... स्वस्तात... पण तुमच्या नातीच्या वाढदिवसाला काचेच्या दुकानातला केक गेला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला, डिसोजा!”

डिसोजांचे कान लाल झाले. त्यांनी वेदवल्लीकडे बघण्याचं टाळलं. “पोरीनं हट्ट धरला, वेदक्का. त्यावर ते कार्टून पाहिजे होतं. मी म्हटलं तिला, पण...”

“जाऊ दे,” बुडनसाब म्हणाला. “ह्या खोलीत निर्दोष म्हणाल तर वेदक्का एकट्या. भट्टी सोडून बाहेरच पडत नाहीत, त्या कुठे काय घेणार?”

सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले, आदरानं आणि थोड्या ओशाळलेपणानं. त्या आदराचा तिला उकाडा झाला. लहानपणी वर्गात भलत्याच कारणासाठी शाबासकी मिळावी, तसं तिला झालं. आणि मग ती जे बोलली ते तिनं ठरवून बोललं नव्हतं. पीठ फुगून पातेल्याबाहेर येतं तसं ते आलं.

“मी त्या काचेच्या दुकानात जाऊन पेस्ट्री खाल्ली.”

मग अडिगांनी, आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच, हळू आवाजात विचारलं, “कशी होती?”

“चांगली होती हो,” वेदवल्ली म्हणाली. “तीच तर पंचाईत आहे.”

बुडनसाबला ठसका लागला. डिसोजांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि शाई डोळ्याखाली लागली. अडिग इतके हसले, की आचारी काय झालं ते बघायला आला. हनुमंतप्पासुद्धा हसला, त्याचे पुढचे दोन दात नव्हते हे तिनं इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. हसण्यातून बाहेर आल्यावर फलकाचं कुणी नाव काढलं नाही. उठता उठता हनुमंतप्पा एवढंच म्हणाला, “फलक लावायचाच असेल तर आपापल्या दुकानात, आतल्या बाजूनं लावा. आपल्याला दिसेल असा.”

बातमी तिच्याआधी रस्ता ओलांडून गेली असावी. ती आली तेव्हा वरदराज स्टुलावर तसाच ताठ बसला होता, पण मिशीत काहीतरी हलत होतं.

“देव कुठल्या चवीचा होता म्हणे?”

“व्हॅनिला,” ती म्हणाली. त्याला हसायला आलं, हसताना पाठीत कळ आली, आणि तो “आई गं” म्हणत म्हणत हसतच राहिला. किती दिवसांनी. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की एवढे दिवस छातीत अडकलेली ती गोळी कुठंतरी विरघळत चालली आहे. ‘खरंच चांगली होती का?’ त्यानं नंतर, गंभीरपणे, धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला विचारतो तसं विचारलं. तिनं सांगितलं. साखर कमी. आपला मधाचा केक तुमच्या अप्पांच्या हाताचा आहे म्हणून आपण त्यातली साखर कधी कमी केली नाही. पण आता लोकांची जीभ तशी राहिली नाही. वरदराजनं कमरेचा पट्टा जरा सैल केला. मग म्हणाला, “अप्पांनीसुद्धा त्यांच्या वडिलांचं सगळं कुठे ऐकलं होतं? थोडी कमी करून बघ.”

चार दिवसांनी दुपारी ती हनुमंतप्पाच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक म्हणून. बाकावर बसताना तिला जाणवलं, की ह्या रस्त्यावर आपण असं कधी बसलोच नाही. काउंटरमागून तिनं गाव बघितलं होतं ते कमरेपासून वर. हात, गळे, चेहरे, नोटा पुढे करणारी बोटं. ह्या माणसांना पाय आहेत, ती कशी चालतात, कुणाचा पाय ओढतो, कोण टाचेवर भार देतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. इथं हनुमंतप्पाचं उलट असावं. त्यानं जमिनीवर जाड कागद पसरला, तिचा उजवा पाय त्यावर ठेवायला सांगितला आणि पेन्सिल पावलाभोवती फिरवली. पेन्सिलीचं टोक अंगठ्याच्या बाजूनं, बोटांच्या टोकांवरून, तळव्याच्या वळणातून जाताना तिला गुदगुल्या झाल्या. लहान मुलीसारखं ओरडावंसं वाटलं. आपल्याला एक आकार आहे, आणि तो कुणीतरी इतक्या निगुतीनं काढतंय, ही गोष्ट तिला उगाचच फार मोठी वाटली.

“उजवा पाय रुंद आहे, वेदक्का. इथं हाड वर आलंय.”

“मैद्याचं पोतं पडलं होतं. नवी नवरी होते. कुणाला सांगितलं नाही.”

“का?”

“सासरे म्हणाले असते, पोतं उचलायला कुणी सांगितलं होतं?”

हनुमंतप्पानं मान हलवली. “म्हणजे तेव्हापासून उजवी चप्पल चावतेच आहे.”

“मला वाटायचं, चप्पल चावतेच.”

“माझी नाही चावणार,” तो म्हणाला, आणि त्यानं कागदाची गुंडाळी केली.

मग ती उठून बुडनसाबकडे गेली आणि दोन पोलकी शिवायला टाकली. बुडनसाबनं माप घेता घेता सगळ्या बाजाराची खबर दिली: अडिगांनी बिलाची पुस्तकं इथंच छापायला टाकली, पण डिसोजांनी ‘आधी जुनी संपवा’ म्हणून त्यांनाच परत पाठवलं, त्यावरून दोघांचं भांडण झालं आणि भांडता भांडता दोघांनी मिळून दोन प्लेट भजी संपवली. डिसोजांकडे तिनं केकची खोकी छापायला टाकली; त्यांनी अक्षरांचे खिळे दाखवले, जुने, शिशाचे, हातात थंडगार लागणारे, आणि ‘अय्यंगार’ हा शब्द कुठल्या वळणाच्या अक्षरात हवा असं इतक्या मनापासून विचारलं, की तिला आपलं आडनाव नव्यानं ऐकल्यासारखं झालं. रस्ता तोच होता. पण आज तो तिला आतून दिसत होता, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाऊल टाकल्यासारखा. चालता चालता तिला कुठंतरी बोचतही होतं. चपलांनी आणि पोलक्यांनी भट्टी चालत नाही, हे तिला कळत होतं. अडिगांनी सकाळच्या टोस्टसाठी तिचे पाव घ्यायला सुरुवात केली, तरी संध्याकाळचे ट्रे अजून पूर्ण खणखणत नव्हते. रघूचा फोन येणारच होता.

त्याच संध्याकाळी दवाखान्यातल्या लीलावती सिस्टर आल्या. ड्यूटी संपवून, पांढऱ्या साडीवर शाल घेऊन. वेदवल्लीनं त्यांना दारात बघितलं आणि तिची नजर भिंतीवरच्या पालथ्या टोपलीकडे गेली. कानशिलं गरम झाली.

“सिस्टर, पावाचं... म्हणजे जरा धंदा मंद होता म्हणून... उद्यापासून नक्की...”

“पावाचं राहू दे हो,” सिस्टर म्हणाल्या. त्या तिच्या तोंडाकडे बारकाईनं बघत होत्या, जिभेचा रंग बघतात तशा. “तुम्ही बऱ्या आहात ना? आणि वरदण्णा?”

“बरेच आहोत. का?”

“नाही, वॉर्डात सगळे विचारायला लागले. मी नोकरीला लागल्यापासून पाव एकदाच चुकला होता, तुमचे सासरे गेले तेव्हा. आता आठवडा झाला. खाटेवरची माणसं म्हणाली, सिस्टर, अय्यंगारांच्या घरी कुणीतरी पडलंय, जाऊन बघून या.” त्यांनी पर्समधून गोळ्यांची एक पट्टी काढून काउंटरवर ठेवली. “वरदण्णांच्या पाठीसाठी डॉक्टरांनी दिल्यात. जेवल्यावर एक. आणि मला एक मधाचा केक द्या. साखर कमी केलीत म्हणे.”

सिस्टर गेल्यावर वेदवल्ली काउंटरला धरून उभी राहिली. आजारी माणसं खाटांवर पडून आपली काळजी करत होती. त्यांना पाव नको होता असं नाही, पण पाव आला नाही तेव्हा त्यांच्या मनात भूक आली नाही, हे घर आलं. तिला काय वाटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. गाव म्हणजे काय याचा तिनं कधी विचार केला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. आता जणू अंधारात चाचपडताना कुणाचातरी हात लागावा, आणि तो हात किती वेळापासून तिथंच होता हे कळावं, तसं काहीसं झालं. ती आत गेली आणि नेहमीपेक्षा जास्त पीठ भिजवलं. वरदराजनं ते पाहिलं. त्यानं स्टुलावरून सावकाश उतरून भिंतीवरची टोपली काढली, झटकली, पुसली.

रघू रविवारी आला. येताना त्यानं कंपनीच्या माणसाला आणलं नव्हतं, एवढं शहाणपण त्याला होतं. जेवताना तो सगळं रीतसर बोलला. आकडे, सोय, आराम. मग आकडे संपले आणि त्याचा आवाज बदलला.

“अम्मा, मला पैशांचं काही नाही. अप्पांची पाठ गेली. तू पहाटे उठतेस. तिकडे अवेळी फोन वाजला, की मला तो उचलायची भीती वाटते. तुला हे कळत नाही का?”

तिला कळत होतं. तिनं त्याच्या पानात भात वाढला, ताक वाढलं. लहानपणी ताप आला की हा असाच चिडत असे, घाबरला की चिडायचा.

“भट्टी फोडायची नाही, रघू,” ती म्हणाली. “बाकी तू सांगशील ते कर.”

“पाच वर्षांनी काय करशील?”

“पाच वर्षांनी जमेनासं झालं तर तेव्हा फोडू. आत्ता जमतंय. आत्ता चांगलंही वाटतंय.”

रघूनं पानातलं ताक संपवलं. मग म्हणाला, “मग निदान आठवड्यातून एक संध्याकाळ बंद ठेवा. संपूर्ण बंद. हात लावायचा नाही कशाला. आणि पीठ मळायला कायमचा माणूस, मी बघतो.”

“संध्याकाळी बंद?” वरदराज म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे,” वेदवल्ली म्हणाली.

काचेचं दुकान चालूच राहिलं. कॉलेजची मुलं तिथं जात, कधी वाढदिवस असला की इथंही येत. डिसोजा आता कार्टूनचं चित्र खाता येईल अशा कागदावर छापता येतं का, याच्या खटपटीत होते. ट्रे काही दिवशी खणखणत, काही दिवशी नाही. वेदवल्लीच्या जिवाला त्याची पूर्वीसारखी धग लागत नव्हती.

पहिली बंद संध्याकाळ आली, तेव्हा दोघांना काय करावं ते कळेना. शेवटी रस्ता ओलांडून ती दोघं अडिगांच्या हॉटेलात जाऊन बसली, रस्त्याकडच्या टेबलापाशी. अडिगांनी ते पाहिलं आणि पोऱ्याला बाजूला सारून स्वतः टेबल पुसायला आले. “काय घेणार साहुकार?” “मसाला डोसा,” वरदराज म्हणाला, “आणि बघा हं, पाव देऊ नका.” समोर त्यांचीच बेकरी होती, शटर अर्धं ओढलेलं, आत मंद दिवा. इतकं जवळून, इतकं लांबून तिनं ती कधी बघितली नव्हती. फलकावरचा रंग उडालाय, पायरीचा कोपरा झिजलाय. चांगली दिसत होती. डोसा आला, कडा कुरकुरीत, आत लोण्याचा ओघळ. तिनं पहिला घास मोडला, इतक्यात समोर एक बाई घाईघाईनं येऊन शटरपुढे उभी राहिली. हातात पिशवी, कडेवर पोर.

“वेदक्काऽ! अहो वेदक्का! कुठे गेल्या ह्या?”

वेदवल्ली हात पुसून उठणार तोच वरून हनुमंतप्पाच्या दुकानातून आवाज आला, “हॉटेलात!” बुडनसाबचं मशीन थांबलं, “अडिगांकडे बसल्यात, समोर बघा, समोर!” त्याहून वर छापखान्याच्या खिडकीतून डिसोजा ओरडले, “आज त्यांची सुट्टी आहे!” आणि ह्या सगळ्यावर ताण म्हणून अडिग स्वयंपाकघरातून गरजले, “इथंच आहेत, जेवतायत!”

बाई वळली, समोर हॉटेलात बघून एकदम संकोचली. “अय्यो, जेवा जेवा. मी थांबते.”

“थांबू नकोस गं,” वेदवल्ली तोंडात घास असतानाच म्हणाली. “शटर वर कर. डावीकडच्या फळीवर पाव आहेत, लागेल तो घे.”

बाईनं पोराला खाली उतरवलं, दोन्ही हातांनी शटर वर लोटलं आणि आत गेली. वरदराज पट्टा सावरत अर्धा उठला होता.

“अगं, तिला सुटे कुठे ठेवतो ते माहीत आहे का?”

“ती बघेल,” वेदवल्ली म्हणाली. “तुम्ही बसा. डोसा गार होतोय.”